आधी हात, मग केस

आमच्या घरात ताईंच्या हाती सुरी द्यायची नाही, असा सासूबाईंचा दंडक होता. ताई म्हणजे माझी थोरली नणंद, सासूबाईंची सख्खी लेक. पण ही लेक सकाळी आठ ते दुपारी चार सरकारी रुग्णालयाच्या शवागारात मदतनीस म्हणून उभी असायची. डॉक्टर यायच्या आधी मृतदेह टेबलावर घ्यायचा, डॉक्टर सांगतील तिथून तिथवर छेद द्यायचा, कवटीला करवत लावायची, आणि सगळं संपलं की जाड दोऱ्यानं पुन्हा शिवून काढायचं, हे त्यांचं काम.

"तुझ्या हातची काकडी माझ्या घशाखाली उतरायची नाही," सासूबाई म्हणायच्या.

"आई, माझे हातमोजे तुझ्या पळीपेक्षा स्वच्छ असतात."

"असू देत. तू आपली ताटं घे."

मग ताई ताटं घ्यायच्या. भांडण नाही, रुसवा नाही. जेवायला मात्र चांगल्या जेवायच्या. मी लग्न होऊन आले तेव्हा मला याचंच नवल वाटलं होतं.

नोकरीच्या मुलाखतीला त्या एकट्याच हजर होत्या, म्हणून पहिल्या आल्या, असं त्यांचा भाऊ, म्हणजे माझे यजमान, त्यांना चिडवायचे. खरं तर त्यांना नर्स व्हायचं होतं. ते जमलं नाही. ही जागा मात्र आठ महिने रिकामी होती, कारण तिथं कुणी टिकतच नव्हतं. ताई टिकल्या.

घरी त्या कामाचं फारसं बोलत नसत. बोलल्या तरी चहाचा कप हातात धरून, भाजीचे भाव सांगावेत तशा स्वरात. "आज दोघे भाऊ आले. धाकट्यानं थोरल्याला कुऱ्हाड घातली, लोकांनी धाकट्याला दगडांनी ठेचला. एकाच कपाटात ठेवलेत, वरच्या कप्प्यात एक, खालच्या कप्प्यात एक." किंवा "हातोडीचा घाव ओळखू येतो. कवटीत गोल खड्डा पडतो, बाटलीचं बूच दाबून बसवावं तसा." एकदा माझ्या यजमानांनी विचारलं, की पडून मेलेला आणि मारून पाडलेला यातला फरक कसा कळतो. ताईंनी त्यांच्या डोक्याभोवती बोट फिरवलं. "टोपी जिथं बसते ना, ती रेघ धर. साधा पडणारा बहुतेक या रेघेवर आपटतो. घाव घालणारा या रेघेच्या वर घालतो. नेहमीच असं नाही, पण डोकं आलं की मी आधी रेघ बघते." त्यानंतर यजमान दोन दिवस डोक्याला तेल लावताना त्या रेघेवरून बोट फिरवत होते.

शवागाराच्या दारावर एक वॉचमन होता, ताईंच्याच वयाचा, मिस्कील. "आमच्याकडं आलेला माणूस कधी तक्रार करत नाही, तक्रार करतात ती सोबत आलेली," असं म्हणायचा. त्यानं ताईंचं नाव कागदबाई पाडलं होतं, कारण त्यांच्या एप्रनच्या खिशात कायम तपकिरी कागदी पिशव्या असायच्या. मृतदेह आत आला की त्या चेहऱ्याकडं बघायच्याही आधी त्याच्या दोन्ही हातांवर एकेक पिशवी चढवून मनगटाशी चिकटपट्टी लावायच्या. प्लास्टिकची नाही, कागदाचीच. प्लास्टिकमध्ये ओल धरते आणि नखांत जे असेल ते कुजतं. मग डॉक्टर येईपर्यंत त्या देहाला कुणी हात लावायचा नाही. तोंड पुसायचं नाही, डोळे मिटायचे नाहीत, केस सारखे करायचे नाहीत. दाराबाहेर आया टाहो फोडायच्या, "तेवढं रक्त तरी पुसा हो." ताई म्हणायच्या, "नाही." एवढंच. एकदा एक बाप त्यांच्या तोंडावर थुंकला होता. त्यांनी ते बाहीनं पुसलं आणि तिथंच उभ्या राहिल्या. बाहेरच्या बाकावर बसणाऱ्या माणसांत त्यांचं नाव दगड असं होतं.

आणखी एक गोष्ट. माझी लेक पाच वर्षांची असताना कंगवा घेऊन त्यांच्या पुढ्यात जाऊन बसली. "आत्या, वेणी घाल." ताई उठल्या आणि बाल्कनीत जाऊन उभ्या राहिल्या. स्वतःची जाड वेणी त्या रोज घालायच्या, पण दुसऱ्या कुणाच्या केसांना त्यांनी कधी बोट लावलं नाही. मला वाटलं, प्रेताला लागलेले हात लेकराला नकोत, असं त्यांच्या मनात असेल. मी चुकत होते.

ताईंच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं तेव्हाची गोष्ट. मंगळवार होता, सकाळचे अकरा. मी कपडे वाळत घालत होते. फोन वॉचमनचा.

"वहिनी, घाबरू नका. बाई शुद्धीत आहेत. फक्त हाताला लागलंय."

"किती?"

"तुम्ही या."

मी पोचले तेव्हा ताईंना शस्त्रक्रियेला नेलं होतं. शवागारातल्या थंड खोलीच्या दारापाशी फरशीवर रक्त होतं, आणि दाराच्या स्टीलच्या कडेला मांस चिकटलं होतं. ते कुणी पुसलं नव्हतं, कारण पोलिसांचा पंचनामा व्हायचा होता. वॉचमनचा ओठ फाटला होता. काय घडलं ते त्यानंच सांगितलं.

सकाळी एका बाईचा मृतदेह आला होता. वय तिशीच्या आत. नवरा म्हणाला, जिन्यावरून पडली. नवरा खिडक्यांना काचा बसवणारा होता. सगळे त्याला काचवाला म्हणायचे. त्याच्या मानेवर आणि मनगटांवर ताजे ओरखडे होते. पोलीस शिपायानं विचारलं तर म्हणाला, "साहेब, काचेचं काम आहे. बिनओरखड्याचा काचवाला दाखवा." शिपाई हसला. ताईंनी नेहमीसारख्या हातांवर पिशव्या चढवल्या आणि ट्रॉली थंड खोलीत नेऊन ठेवली. डॉक्टर यायचे होते. काचवाला बाहेरच्या बाकावर तासभर बसला, शांतपणे, चहा पीत. मग उठून दारापाशी आला.

"आणि वहिनी, काय गोड बोलला," वॉचमन म्हणाला. "म्हणाला, बाई, तिच्या घरची माणसं यायलीयत. अशी बघवणार नाही त्यांना. जरा तोंड पुसा, केस विंचरा. नखं तुटलीयत, ती पण कापा. मागच्या वेळी किती छान केलं होतंत."

"मागच्या वेळी?"

"तेच तर. बाईंनी मान वर करून त्याच्याकडं बघितलं. अकरा वर्षं मी त्यांना बघतोय, तसा चेहरा बघितला नव्हता. म्हणजे आत कप्प्यात असतो ना माणूस, तसा."

ताई म्हणाल्या, "तुम्ही आहात होय." आणि मग, "डॉक्टर येईपर्यंत कुणी हात लावणार नाही." काचवाल्यानं पुन्हा विनवलं. मग आवाज चढवला. मग सरळ आत घुसला आणि ट्रॉलीवरच्या एका हाताची पिशवी फाडायला धावला. ताईंनी त्याला कोपरानं मागं लोटला आणि थंड खोलीच्या दारात आडव्या उभ्या राहिल्या. त्यानं त्यांची वेणी मनगटाला गुंडाळली आणि कपाळ चौकटीवर आपटलं. एकदा, मग पुन्हा. भुवई फुटली, डोळ्यात रक्त उतरलं. तरी त्या हलेनात. उजव्या हातानं त्यांनी चौकट घट्ट धरली होती. ते दार वीतभर जाड, आतून पत्र्याचं, कडेला स्टीलची पट्टी. काचवाल्यानं ते दार त्यांच्या बोटांवर मारलं.

"किती वेळा?"

"मी स्टूल उचलून येईपर्यंत तीनदा. चौथ्यांदा मारणार होता, तेवढ्यात मी त्याच्या पाठीत स्टूल घातलं. तो वळून मला मारायला लागला. बाईंनी अजून चौकट सोडली नव्हती. सोडणार कशी, बोटं चिकटली होती."

बाकीची माणसं धावत आली, तोवर ताई आत जाऊन ट्रॉलीपाशी उभ्या होत्या. डॉक्टर पोचले तसं म्हणाल्या, "आधी हिची नखं घ्या. पाकिटं सील करा. मग माझ्याकडं बघा." डॉक्टर ओरडले, की तुमची बोटं लोंबताहेत. ताई म्हणाल्या, "ती कुठं पळून जात नाहीत." उजव्या हाताला टॉवेल गुंडाळून त्या दहा बोटांची नखं कापून होईपर्यंत उभ्या राहिल्या, पाकिटांवर डाव्या हातानं सह्या केल्या, आणि मग खाली बसल्या.

मधली दोन बोटं काढावी लागली. उरलेली दोन वाकडी राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या खाटेपाशी बसले होते. हात कोपरापर्यंत बँडेजमध्ये, एक डोळा सुजून बंद.

"मागच्या वेळी, असं तो म्हणाला, ते वॉचमननं ऐकलं ना?" त्यांनी विचारलं.

"ऐकलं. जबाबातही दिलंय."

"मग आता सांगावंच लागेल."

आणि त्यांनी मला सांगितलं. अकरा वर्षं घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

नोकरीचा तिसरा महिना. तेवीस वर्षांची मुलगी आली, जिन्यावरून पडलेली. नवरा काचवाला, मानेवर ओरखडे. मुलीच्या डोक्यावर घाव होता, टोपीच्या रेघेच्या वर. पण ती रेघ ताईंना तेव्हा माहीत नव्हती. दारात मुलीची आई उभी होती. घाईत निघाली असावी, एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्या पायात कुणा दुसऱ्याची. ती रडत नव्हती. तिनं पिशवीतून लाल कंगवा काढला आणि ताईंच्या हातात दिला. "तिचे केस कधी विस्कटलेले नसायचे हो. तेवढं करा."

डॉक्टरांना यायला वेळ होता. ताईंनी बादलीत पाणी घेतलं. रक्त वाळून केसांचा गोळा झाला होता, तो भिजवून सोडवला. विंचरायला लागल्या तर कानामागून एक झुबका अख्खा हातात आला, टोकांना पांढरी मुळं आणि कातडीचा तुकडा. कुणीतरी केसांना धरून फरफटत नेलेलं होतं. ताईंना वाटलं, पडताना कुठं अडकले असतील. झुबका कचऱ्यात टाकला. मग हात पुसायला घेतले. उजव्या हाताची दोन नखं मुळापासून तुटलेली, बाकीच्यांत कणीक मळल्यावर पीठ बसतं तसं काहीतरी गच्च बसलेलं, लालसर. आईला हे दिसू नये म्हणून त्यांनी दहाही नखं कापली, काडीनं स्वच्छ केली, आणि सगळं बादलीत धुऊन टाकलं.

"मला वाटत होतं, मी पुण्याचं काम करतेय," ताई म्हणाल्या.

डॉक्टर आले. सोबत तपास अधिकारी, आता निवृत्त झालेला. त्यानं विचारलं, "नखांत काही होतं?" डॉक्टरांनी ताईंकडं बघितलं. नोकरी तिसऱ्या महिन्यातच जाणार, हे एवढंच त्यांना त्या क्षणी दिसलं. त्या म्हणाल्या, "काही नव्हतं. आली तेव्हा स्वच्छच होती."

अहवालात तसं लिहिलं गेलं. जिन्याची पायरी लागून मृत्यू. अपघात.

"देह ताब्यात घेताना तो नवरा आला. बायकोचा हात हातात घेतला. एकेक बोट उलटून नखं बघितली, दहाच्या दहा. मला वाटलं, किती जीव होता हिच्यावर. मला म्हणाला, फार छान केलंत बाई." ताईंचा उघडा डोळा छताकडं होता. "आणि तिच्या आईनं माझे हात धरले. म्हणाली, तुमचे उपकार फिटायचे नाहीत."

"मग तुम्हाला कधी कळलं?"

"चार महिन्यांनी. डॉक्टर नव्या पोरांना टोपीची रेघ शिकवत होते. मी करवत पुसत ऐकत होते. तेव्हा."

कळल्यावर त्या गप्प राहिल्या. गप्प राहून कागदी पिशव्या खिशात ठेवायला लागल्या. आणि तो अकरा वर्षं काचा बसवत हिंडला. दुसरं लग्न केलं.

तपास आता एका तरुण बाईंकडं होता. सगळे त्यांना इन्स्पेक्टर मॅडम म्हणायचे. सतत बडीशेप चघळायच्या. ताई घरी आल्यावर त्या आमच्याकडं आल्या. ताईंनी त्यांना सगळं सांगितलं. मॅडमनी चघळणं थांबवलं.

"हे तुम्ही कुणालाच सांगायचं नाही," त्या म्हणाल्या.

"का?"

"बाई, माझी सगळी केस तुमच्या त्या पाकिटांवर उभी आहे. नखांत त्याची कातडी सापडलीय, प्रयोगशाळेचा अहवाल आलाय. पण पाकिटांवर सही तुमची. तुम्ही एकदा पुराव्याबद्दल खोटं बोलला होतात, असं बाहेर आलं, की त्याचा वकील पाकिटांच्या चिंध्या करेल. तो सुटेल."

"आणि नाही सांगितलं तर? कातडी नखांत कशी आली म्हणेल तो?"

"पडताना तिनं त्याला धरायला बघितलं, असं म्हणेल."

"आणि ते पटेल."

"पटू शकतं."

"पहिलीच्या नखांतही तेच होतं. दोघींनी पडताना त्यालाच धरलं? आणि त्याला ती नखं कापून का हवी होती, हे मी सोडून कोण सांगणार?"

"सांगितलंत तरी सुटू शकतो, नाही सांगितलंत तरी सुटू शकतो," मॅडम म्हणाल्या. "पण सांगितलंत तर तुम्ही मात्र नक्की जाल. निलंबन, चौकशी. तुम्ही हात लावलेल्या सगळ्या जुन्या फायली लोक उघडायला लावतील."

"उघडू देत. पिशव्या बांधल्यात मी."

सासूबाई आतून सगळं ऐकत होत्या. मॅडम गेल्यावर बाहेर आल्या. मला वाटलं आता बोल लावणार. त्यांनी ताईंपुढं काकडीच्या फोडींची बशी ठेवली, आणि एक फोड स्वतःच्या हातानं ताईंच्या तोंडात घातली.

"आता तरी सुरी मागू नकोस," म्हणाल्या.

ताई इतक्या हसल्या, की भुवईचे टाके ताणले गेले.

सात महिन्यांनी खटला उभा राहिला. मी ताईंना घेऊन गेले होते. तिसऱ्या बाकावर पहिल्या मुलीची आई बसलेली होती. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, पण ताईंनी तिच्याकडं पाहून लगेच नजर खाली घेतली, त्यावरून मी ओळखलं. तिला मॅडमनी बोलावलं होतं. काचवाला पिंजऱ्यात बसला होता, स्वच्छ शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेली.

ताईंनी सगळं सांगितलं. बादली, झुबका, नखं, आणि स्वतःचं खोटं. झुबक्याबद्दल बोलत असताना तिसऱ्या बाकावरची बाई पुढं वाकली आणि तिनं समोरच्या बाकाची कड धरली.

काचवाल्याचा वकील उठला तो हसतमुखानं.

"म्हणजे तुम्ही पोलिसांशी खोटं बोललात?"

"हो."

"डॉक्टरांशीही?"

"हो."

"मग आज खरं बोलताय, हे आम्ही कशावरून धरायचं?"

"तेव्हा खोटं बोलले ते नोकरी टिकावी म्हणून," ताई म्हणाल्या. "आज जे बोलतेय त्यानं ती जाणार आहे."

वकिलानं पाकिटांचे फोटो पुढं केले. "या सह्या तुमच्या? तुमच्या बाकीच्या सह्यांशी जुळत नाहीत."

"डाव्या हाताच्या आहेत."

"डाव्या हाताच्या का बरं?"

ताईंनी उजवा हात वर करून कठड्यावर ठेवला. अंगठा आणि वाकडी दोन बोटं. "हा तुमच्या अशिलानं दारात चेपला होता. त्याच दिवशी."

न्यायाधीशांनी तो हात थोडा वेळ पाहिला आणि काहीतरी लिहून घेतलं. वकील मागं फिरता फिरता थांबला.

"शेवटचा प्रश्न. एवढा मोठा पुरावा तुम्ही धुऊन टाकलात. कुणी सांगितलं होतं का? मुलीच्या माहेरचं कुणी?"

त्याला काय हवं होतं ते माझ्याही लक्षात आलं. आईनंच धुवायला लावलं, मग काचवाल्यावर कसला आळ. तिसऱ्या बाकावरची बाई ताठ झाली होती.

"कुणी नाही," ताई म्हणाल्या. "माझ्या मनानं केलं."

काचवाल्याला जन्मठेप झाली. निकालात लिहिलं होतं, की बायकोची तुटलेली नखं कापून टाकायची घाई फक्त त्यालाच असते, ज्याला त्या नखांत काय आहे ते ठाऊक असतं. पहिल्या मुलीची फाइल कपाटातून बाहेर आली आणि अपघात हा शब्द खोडून तिथं खून असं लिहिलं गेलं. इन्स्पेक्टर मॅडम न्यायालयाच्या पायऱ्यांवर ताईंना म्हणाल्या, "कागदबाई, तुम्ही माझी केस फोडायला निघाला होतात."

"फुटली का?"

"नाही."

"मग बडीशेप द्या."

ताईंची नोकरी गेली. जुन्या फायलींची चौकशीही झाली. पहिल्या सात महिन्यांतल्या तीन फायलींवर शेरे पडले. त्यानंतरच्या एकाही फायलीत बोट ठेवायला जागा सापडली नाही. वॉचमन म्हणतो, खिशात पिशव्या नसलेली नवी मदतनीस आता तिथं एक दिवसही टिकत नाही, कारण डॉक्टर आधी तिचे खिसेच तपासतात.

वेणी घालणं मात्र ताईंना जमेना. डाव्या हातानं पेड पकडता येतात, उजव्यानं ओढता येत नाहीत. केस कापून टाका म्हटलं तर ऐकेनात. म्हणून मी रोज सकाळी त्यांना बाल्कनीत स्टुलावर बसवून विंचरायला लागले. पहिले काही दिवस माझा कंगवा लागला की त्यांचे खांदे आखडायचे.

एका रविवारी मी असंच विंचरत होते, तेव्हा बेल वाजली. यजमानांनी दार उघडलं आणि एका बाईंना बाल्कनीत आणून सोडलं. तिसऱ्या बाकावरच्या बाई. माझी नजर आधी त्यांच्या पायांकडं गेली. चपला जोडीच्या होत्या.

ताई उठायला लागल्या. "बसा," त्या बाई म्हणाल्या, "विंचरून होऊ दे." आणि स्वतः कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटरला किका मारत होतं.

"कोर्टात तुम्ही म्हणालात, कुणी सांगितलं नाही."

"हो."

"मी सांगितलं होतं."

"तुम्ही सांगेपर्यंत माझं विंचरून झालं होतं," ताई म्हणाल्या. "तुम्हाला नीट आठवत नसेल. त्या दिवशी कसं आठवणार."

"कंगवा माझा होता," त्या शांतपणे म्हणाल्या. "लाल. मीच तुमच्या हातात दिला. तुम्ही परत दिलात तेव्हा तो ओला होता. आठ दिवस मी तो उशीखाली घेऊन झोपत होते, तिचा वास येईल म्हणून. साबणाचा यायचा."

ताईंनी मान खाली घातली. माझ्या हातात त्यांचे तीन पेड होते. ते तसेच धरून मी उभी राहिले.

"मग दोष माझाच का?" त्या बाईंनी विचारलं. "तो अकरा वर्षं मोकळा राहिला, दुसरी पोर मेली, ते माझ्यामुळं का? एवढं खरं सांगा. बाकी काही नको."

ताई बोलल्या तो आवाज मला ओळखीचा होता. चहा पिताना घावाबद्दल सांगायच्या, तोच.

"आईनं मागायचं असतं. कुठलीही आई मागेल. मी नाही म्हणायचं असतं. त्याचीच मला नोकरी होती. तुम्ही तुमचं केलंत, मी माझं केलं नाही. कंगवा तुमचा होता, हात माझा होता. आणि कोर्टात त्यांनी विचारलं होतं ते हाताबद्दल."

त्या बाई तशाच टेकून उभ्या राहिल्या. मग पुढं आल्या आणि माझ्या हातातून पेड घेतले, कंगवाही घेतला. मी बाजूला झाले. त्यांनी मी घातलेले पेड सोडले, सगळे केस मोकळे केले आणि मुळापासून पुन्हा विंचरायला घेतले. हात सरावाचा होता, टोकाकडून वर चढत जाणारा, गुंता आला की वर बोटांनी केस धरून खालून सोडवणारा. कंगव्यात चार केस आले. ते त्यांनी उजेडाकडं धरून पाहिले, बोटाला गुंडाळले आणि पुढं विंचरत राहिल्या.

"ओढलं तर सांगा," त्या म्हणाल्या.

ताईंनी मान हलवली नाही. विंचरताना हलवायची नसते.